कानामागून

४ मार्च

सत्तर जणांना आवडली माझी कॉमेंट! सत्तर! आणि लिहिलं होतं तरी काय — घडी घालायच्या नव्या फोनची बातमी होती, त्याखाली मी एवढंच टाकलं: ‘घडीच घालायची असेल तर माझ्याकडे धुतलेल्या चादरींचा ढीग पडलाय. या आणि घाला.’ आधी दोन, मग नऊ, मग एकदम सत्तर. भाजी करपली. करपू दे!

पेपरच्या वेबसाइटवर माझं नाव ‘कानामागून’. कानामागून आली आणि तिखट झाली, त्यातलं. शिवाय दिवसभर लोकांच्या कानामागे ऐकायची यंत्रं बसवते, त्यामुळे शोभतंही. तंत्रज्ञान आणि राजकारण, दोनच पानं माझी. खेळ आणि सिनेमा इतरांनी सांभाळावेत.

नवरा म्हणाला, ‘अगं जेव आता, सरकार उद्याही असेल.’

म्हटलं, ‘त्याचीच तर काळजी आहे!’

५ मार्च

मंत्रिमंडळात खातेबदल. लिहिलं — ‘पाण्याचे मंत्री रस्त्यावर आले, रस्त्याचे मंत्री पाण्यात गेले.’ शंभराच्या वर! आज मी हवेतच चालतेय.

९ मार्च

सरकारी मदतीच्या फोनवर आता माणूस नाही, बोलतं यंत्र. दळणवळण मंत्र्यांनी फीत कापली. टेलिफोन घेणाऱ्या सगळ्या मुली घरी. बातमीखाली निम्मे लोक म्हणतायत प्रगती, निम्मे म्हणतायत सत्यानाश. दोघंही मोठ्या अक्षरांत.

मी लिहिलं की यंत्राशी माझं भांडण नाही, माझं पोट यंत्रावरच चालतं. पण मी कानात यंत्र बसवते ते पलीकडच्या माणसाचं ऐकू यावं म्हणून. पलीकडेही यंत्रच बसवलं तर ऐकायचं कोणाचं?

फारशी चालली नाही. लोकांना शहाणपण नको, फटाका हवा.

१२ मार्च

फटाका मिळाला! हसून हसून अजून पोट दुखतंय.

दुकानात गार्डकाका आले. आयुष्यभर मालगाडीवर गार्ड होते, आता दोन्ही कानांना यंत्र. घर बदललंय आणि सरकारी औषधांचं पार्सल अजून जुन्या घरी जातंय. म्हणाले, ‘बाई, तू लाव तो फोन. मला जमत नाही.’ मी स्पीकरवर टाकला.

‘आपल्याला काय मदत हवी ते सांगा,’ यंत्र म्हणालं. गोड आवाज, अगदी साखर.

काका ओरडले, ‘पत्ता बदलायचाय!’

‘आपल्याला पत्नी बदलायची आहे. बरोबर?’

‘पत्ता! पत्ता!’

‘क्षमस्व. पत्नी बदलण्याची सुविधा सध्या उपलब्ध नाही. आणखी काही मदत?’

माझ्या हातातलं यंत्र पडता पडता राहिलं. काका विचारतायत, ‘काय म्हणते ती?’ मी सांगितलं. काका गंभीरपणे म्हणाले, ‘सध्या? म्हणजे पुढे मिळणार आहे का?’

मग मात्र ते खुर्चीत बसले आणि हसू ओसरलं. ‘किती दिवस हेच चाललंय. आधी तिथे एक मुलगी असायची. मी ओरडायला लागलो की म्हणायची, काका, हळू बोला, मला ऐकू येतं.’

सगळं जसंच्या तसं लिहून टाकलं. काकांना विचारून. ते म्हणाले, ‘टाक. फक्त आमच्या हिला कळू देऊ नकोस.’

१३ मार्च

आकडे बघणं सोडलं. मावतच नाहीत! रेडिओवर वाचून दाखवलं. विरोधी पक्षाने फलक लावला — ‘सरकार बदलण्याची सुविधा उपलब्ध आहे.’ माझ्या जिवावर! परवानगी कोणी घेतली? पण फलक बघायला दोनदा त्या रस्त्याने गेले, हेही खरं.

१४ मार्च

काकू दुकानात आल्या. पिशवी काउंटरवर आपटली. ‘मला बदलायला निघालाय तो मेला कोण? आमचे हे की ते मंत्री?’

मंत्र्यांवर ढकललं. गिऱ्हाईक महत्त्वाचं.

१६ मार्च



दळणवळण मंत्र्यांचं निवेदन आलं. यंत्र नवीन आहे, शिकतंय, वगैरे. आणि मग हे वाक्य — ‘घाईत शिवलेल्या झग्याला दोन गळे असतात हे आम्ही जाणतो, गळा दुरुस्त करू, झगा फेकणार नाही.’

घाईत शिवलेल्या झग्याला दोन गळे! ही काही म्हण नाही. कुठल्या पुस्तकात नाही, कोणाच्या तोंडी नाही. हे आमच्या आईचं वाक्य! ती शिवणकाम करायची आणि आम्ही घाई केली की हेच ऐकवायची. जगात हे तिघींनाच माहीत — आई, मी आणि ताई.

ताई मंत्र्यांच्या कार्यालयात आहे. त्यांची निवेदनं, भाषणं लिहिते. तीन वर्षं आम्ही बोललेलो नाही. मागच्या निवडणुकीच्या निकालाची संध्याकाळ, आईचं घर. तिची बाजू जिंकली, माझी हरली. ती म्हणाली, ‘तुझ्यासारख्यांना फक्त बोलता येतं.’ मी म्हटलं, ‘तुझ्यासारख्यांना फक्त माना डोलावता येतात.’ दार आपटलं गेलं. कोणी आपटलं यावर अजून एकमत नाही.

म्हणजे मंत्री मला उत्तर देत नाहीयेत. ताई देतेय!

तिला माहीत असेल का, मी कोण ते?

१७ मार्च

खडा टाकून पाहिला. लिहिलं — ‘झग्याला गळे दोन असले तरी घालणाऱ्याने एकाच गळ्याने बोलावं. आणि काजं करायचा कंटाळा करणाऱ्यांनी शिवणाच्या गोष्टी करू नयेत.’

काजं करायचा कंटाळा ताईचा. लहानपणापासून. सगळी माझ्या गळ्यात मारायची.

२१ मार्च

उत्तर आलं!! सभागृहात, मंत्र्यांच्या तोंडून, टीव्हीवर! ‘काही टीकाकार कानामागून येतात आणि तिखट होतात. त्यांनी सुईत दोरा ओवायला चष्मा लागतो का ते आधी तपासावं.’

चष्मा! मला! त्या बिचाऱ्या मंत्र्यांना स्वतःलाच कळलं नाही आपण काय बोललो. कागदावरून डोकं वर काढून इकडेतिकडे बघत होते. मी एकटी सोफ्यावर टाळ्या पिटत होते.

नवऱ्याने विचारलं, ‘तू त्या मंत्र्याच्या प्रेमात पडलीयेस का?’

सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘फोन करायचा ना सरळ. सरकार कशाला मध्ये?’

त्याला काय कळतंय! फोन कोण आधी करणार, हाच तर तीन वर्षांचा प्रश्न आहे.

२४ मार्च

आईचा फोन. ‘मी कोणाची बाजू घेत नाही. पण ताई हल्ली हसते. विचारलं तर म्हणते, कामात मजा येतेय.’

मला शिट्टी वाजवावीशी वाटली. वाजवली. दुकानात. तीन गिऱ्हाइकांनी आपापली यंत्रं चाचपली.

२९ मार्च

आता काय लिहू! कुठून सुरू करू!

मंत्र्यांची मोठी मुलाखत. टॉवर, केबल, बोलतं यंत्र, सगळं झालं. शेवटी ते कागद बघून म्हणाले, ‘घरातलं धाकटं माणूस रुसलं तर मोठ्यानेच आधी दार ठोठावावं. उशीर झाला असेल, पण मोठ्याला ते कळतं.’

मी न्हाणीघरात जाऊन रडले. मग हसले. मग दोन्ही.

बाहेर आले तर टीव्हीवर हलकल्लोळ! सरकारात दोन पक्ष आहेत ना, मोठा आणि धाकटा. जाणकारांचं म्हणणं, हा निरोप धाकट्या मित्रपक्षाला! चार जण चार चौकटींत भांडतायत. ‘रुसलं म्हणजे काय?’ ‘दार कोणतं?’ ‘उशीर झाला ही कबुलीच!’ संध्याकाळी धाकट्या पक्षाच्या नेत्यांनी उत्तरही दिलं — ‘आम्ही रुसलेलो नाही. परंतु कोणी ठोठावल्यास विचार करू.’

अहो, तुम्हाला नाही हो ते! मला आहे! माझं दार!

३० मार्च

धाकट्या पक्षाच्या दारावर सकाळी खरंच तीन मंत्री जाऊन आले. फुलं घेऊन. देशात एवढी धावपळ आणि माझ्या दारावर अजून कोणी नाही.

१ एप्रिल

बातमी — त्या वाक्याबद्दल दळणवळण मंत्र्यांकडे खुलासा मागितलाय. ‘मसुदा कोणी लिहिला याची चौकशी होणार.’

आज काही लिहिलं नाही बातमीखाली. एक शब्दही नाही.

३ एप्रिल

आईचा फोन. ‘ताईला घरी बसवलंय. कारण सांगत नाही.’ मग थांबून, ‘तुला माहीत आहे का गं काही?’

दुकान बंद केलं आणि सरळ तिच्या घरी निघाले. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. दार उघडंच. ताई स्टुलावर उभी, डोक्याला रुमाल बांधून पंखा पुसतेय. वळून बघितलं.

‘आलीस? हे फडकं धर.’

तीन वर्षांनी पहिलं वाक्य — हे! मी फडकं धरलं.

‘माझ्यामुळे नोकरी गेली ना तुझी?’

‘तुझ्यामुळे का? वाक्य मी लिहिलं.’

‘मग लिहिलंस कशाला असं? सरळ यायचं ना!’

‘येणारच होते. आधी वाक्य पाठवलं. मला लिहिताच येतं, बाई. बाकीचं सगळं मला जड जातं.’ स्टुलावरून उतरली. केस किती पांढरे झालेत तिचे! ‘आणि खरं सांगू? ते पत्नी बदलण्याचं वाचून मी कार्यालयात इतकी हसले की शिपायाने पाणी आणलं. कॉमेंट तुझीच, पहिल्या ओळीत कळलं. तुझ्याशिवाय इतकं आगाऊ कोण लिहिणार?’

मग दोघी फरशीवर बसून इतक्या हसलो की खालच्या मजल्यावरून ठोकलं. मग तिने अचानक माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. पंख्याची धूळ माझ्या साडीला. चालेल!

निघताना म्हणाली, ‘तो मदतीचा फोन लावून बघ. नऊ दाब.’

दाबला. दोन घंट्या. मग एक मुलगी, खरीखुरी, जरा सर्दी झालेली. ‘नमस्कार, बोला, मी ऐकतेय.’

‘जायच्या दिवशी फाइल पुढे ठेवली,’ ताई म्हणाली. ‘नऊ दाबल्यावर माणूस मिळालाच पाहिजे, असा आदेश. साहेब इतके घाबरलेले, की यावेळी त्यांनी प्रत्येक शब्द दोनदा वाचला. आणि तरीही सही केली. म्हणाले, हे बाकी बरोबर आहे.’

७ एप्रिल

गार्डकाकांचा पत्ता बदलला. पत्नी तीच.

१५ एप्रिल

ताई रोज दुपारी दुकानात. बोलत्या यंत्रावर आमचं अजून जमत नाही. ती म्हणते, निम्मी कामं यंत्राने करावीत आणि माणसांनी अवघड तेवढी. मी म्हणते, अवघड कोणतं हे यंत्र ठरवणार का? आवाज चढतात. गिऱ्हाईकं आपली यंत्रं काढून खिशात ठेवतात. कोणीही दार आपटत नाही. काय मजा आहे भांडण्यात!

४ मे

सरकार पडलं. धाकट्या पक्षाने पाठिंबा काढला, निवडणुका लागल्या. दुपारी ताई दुकानात आली. एकटी नाही, मागे चार माणसं, हातात पत्रकं. पत्रकावर तिचा फोटो! धाकट्या पक्षाची उमेदवार, आमच्याच मतदारसंघातून; ते दाराचं वाक्य लिहिणारी त्यांना आपल्याकडेच हवी होती म्हणे. मला पत्ता नाही! सगळ्या गिऱ्हाइकांसमोर हात जोडून म्हणाली, ‘ताई, आपलं मत हवंय.’

मला ताई म्हणाली. मला!

मी खुर्ची पुढे सरकवली. म्हटलं, ‘बसा. आधी माझ्या प्रश्नांची उत्तरं द्या.’