बसच्या पायरीवर

प्रिय सुगत,

कथा मिळाली. छापायला देऊ का, असं विचारलंयस. सोनपेठचा स्टँड हुबेहूब उतरलाय. बाजारची गर्दी, बाकाखाली पाय बांधलेली कोंबडी, माझी निळी ओढणी. तू पुण्याला निघालेला, मी गावाकडच्या बसला. 'येतेस का सोबत?' तू विचारतोस. कथेतली मी काही न बोलता चढते. तिने नकार दिला, असं म्हणून कथा संपते. डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहायचं, हा तुझा जुनाच हट्ट. पानभर नुसता चहा ढवळत बसणाऱ्या माणसांच्या कादंबऱ्यांना तू किती हसायचास. मला त्या आवडायच्या, कारण माझंही मन तसंच चालतं.

त्या पायरीवर काय झालं, सांगू? तुझ्या शर्टाचं वरचं बटण तुटलेलं दिसलं, ते लावून द्यावंसं वाटलं, सुईवरून आई आठवली, बाबा गेल्यापासून संध्याकाळी दिवा न लावताच बसायची ती, त्या अंधारात गोदावरी दिसायला लागली, मी लहान, बाबांच्या खांद्यावर, पाणी त्यांच्या कमरेला, भिऊ नको म्हणतायत, आणि तेच पाणी पुण्यातल्या कुठल्याशा खोलीत नळाला आलेलं, मी कप विसळतेय, तू वाचत बसलायस, गॅलरीत आईचं लुगडं वाळतंय. म्हणजे आईही आपल्याकडेच राहत होती. मी तिथे चांगली नांदून आले रे. तेवढ्यात कंडक्टर खेकसला, "बाई, चढायलाव का उतरायलाव?" मागच्यांनी आत ढकललं, घंटी वाजली. खिडकीतून पाहिलं तर तू पाठ फिरवून चालला होतास. मग तुझ्या फोनची वाट बघत बसले. तूही माझ्या फोनची बघत असशील, हे काही सुचलं नाही.

परवा आईला कथा वाचून दाखवली, वर माझ्या मनातलंही सांगितलं. ती शेंगा फोडत होती. म्हणाली, "मंग इतके दिस कुणाची वाट बघायलीस?" 

कथा खुशाल छाप. माझं नावही बदलू नकोस. पण मी नकार दिला, हे खोटं आहे. मी हो म्हणत होते, आणि आज विचारलंस तर मोठ्याने म्हणेन. आता तुझं दुसरं कुणी असेल तर तसं सरळ कळव. मी रडेन, मग सावरेन. पण तुझ्या मनात काय आहे, हे तुझ्या गप्प राहण्यावरून ओळखत बसणं मला आता जमायचं नाही.

तू सांगेपर्यंत तरी तुझीच,
संघप्रिया