अड्यारच्या वाळूत धावणाऱ्या आत्याबाईंना

प्रिय आत्याबाई,

आज पहाटे मी धावून आले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा! आणि मला उठवलं कुणी, माहीत आहे? मामंजींनी. खोलीच्या दाराबाहेर उभे राहून खाकरले आणि म्हणाले, "सुमती, उजाडायला आलं. जायचं नाही का?"

परत आल्यावर त्यांनी तुमच्याबद्दल एक गोष्ट सांगितली. ती ऐकल्यापासून तुमच्याशी बोलल्याशिवाय राहवेना. बोलणार कुठे? तुमचे चिरंजीव बँकेत गेलेत, मामंजी जेवून पडलेत, आणि मी तुमच्या खिडकीशी बसून हे लिहिते आहे.

वाईहून लग्न होऊन मी मद्रासला आले, तेव्हा तमिळचं अक्षर येत नव्हतं. आणि तुमचं मराठी तरी कुठे कळत होतं! तंजावरकडचं ते जुनं मराठी, शब्द आमच्या पणजीच्या तोंडी शोभतील असे आणि चाल सगळी तमिळची. माझं बोलणं ऐकून तुम्ही म्हणायचात, "रेडिओवरची बाई घरात आली गे!" मला राग यायचा. पुढे मीच तुमच्यासारखी हेल काढून बोलायला लागले, तेव्हा तुम्ही पोट धरून हसला होतात.

मग सातव्या महिन्यात माझं बाळ पोटातच गेलं. त्यानंतर मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. कुणी नवस सांगितले, कुणी काढे. तुम्ही काहीच सांगितलं नाहीत. रोज दुपारी माझ्या पायांना तेल चोळायचात. एके दिवशी चोळता चोळता विचारलंत, "पायांत एवढा जोर कुठून आला तुझ्या? गावी काय करत होतीस?"

मी म्हटलं, "धावत होते."

खरंच होतं ते. माझे वडील तालमीतले. मुलगी झाली म्हणून त्यांनी मला घरात बसवलं नाही. पहाटे कृष्णेच्या काठाने मी त्यांच्या मागून पळायचे. लग्न झालं आणि ते संपलं. संपायचंच असतं, असं मी धरून चालले होते.

तुम्ही तेव्हा नुसतं तेल चोळत राहिलात. पण अंगात थोडी ताकद आल्यावर एका पहाटे मला हलवून उठवलंत. हातात तुमचं जुनं नऊवारी लुगडं होतं. "ती गोल साडी पायांत अडकेल. हे नेस, काष्टा घट्ट घाल. मी येत्ये बरोबर."

त्या पहाटेचा रस्ता अजून डोळ्यांसमोर आहे. आपली वसाहत तेव्हा नवी होती, घरं विरळ. एक-दोन दारांत बायका कोलमची रांगोळी घालायला वाकलेल्या, गवळी गाय-वासरू घेऊन दूध काढून द्यायला निघालेला. सगळ्यांनी वळून पाहिलं. तुम्ही मान खाली न घालता चालत राहिलात, म्हणून मीही.

वाळूवर पोचलो आणि तुम्ही ओरडलात, "ओडु!" मी घाबरून पदर ओढला. पुन्हा "ओडु, गे, ओडु!" मी पदर आणखी ओढला. तुम्हाला हसू आवरेना. "अय्यो, पळ म्हणत्ये, पळ!" तमिळमधल्या पळण्याचा शब्द मी असा शिकले.

पळाले. मासेमारांच्या होड्यांपर्यंतही पोचले नाही. पोटात कळ आली, वाळूवर बसले आणि ओकले. तुम्ही पदराने माझं तोंड पुसून म्हणालात, "बरं झालं. आत बसलेलं काहीतरी निघालं." मला तेव्हा किती रडू आलं! ते महिनाभर आलंच नव्हतं.

पहाटेचं धावणं सुखाचं असतं असं म्हणणाऱ्यांनी अड्यारच्या वाळूत यावं! कोरड्या वाळूत पाय घोट्यापर्यंत रुततात. पाण्याजवळची ओली वाळू टणक, पण उतरती, कमरेची एकच बाजू दुखायला लागते. सराटे टाचेत घुसतात. कुप्पमातली, म्हणजे त्या मासेमारांच्या वस्तीतली कुत्री अंगावर येतात. सकाळच्या विधीला ओळीने बसलेले पुरुष दिसले की नजर कुठे ठेवायची तेच कळत नाही. तुम्ही म्हणायचात, "समुद्राकडे बघ. एवढा मोठा ठेवलाय कशाला देवानं?" ऐप्पसीतला, म्हणजे दिवाळीच्या सुमाराचा पाऊस लागला की नदी फुगून अर्धा किनाराच गिळायची. आणि या सगळ्याहून वाईट म्हणजे उठणं! पहाटेची झोप किती गोड असते, आत्याबाई. रोज मला वाटायचं, आज तुम्ही हाक मारायला विसरा.

पण तुम्ही विसरला नाहीत. आणि हळूहळू एक दिवस असा आला, की श्वास आणि पाऊल आपोआप जुळले. धाप गेली. वारा कानांत, खालून पाण्याचा गारवा, आणि समोर थेट पाण्यातून वर येणारा सूर्य! आमच्याकडे तो डोंगरामागून उशिरा येतो, उन्हं घेऊनच. इथे तो लालभडक, ओला असल्यासारखा निघतो. मी थांबले नाही. किती धावले ठाऊक नाही. घरी येऊन इडल्या खाल्ल्या त्या मोजल्या नाहीत, आणि तुम्ही वाढत राहिलात.

तुम्ही मात्र होडीच्या कडेवर बसून असायचात. एकदा एक काळं कुत्रं तुमच्याच अंगावर आलं. मी लांबून पाहिलं तर तुम्ही काष्टा सावरून पळत सुटला होतात! कुत्रं केव्हाच थांबलं, तुम्ही थांबला नाहीत. माझ्यापाशी येऊन माझे दोन्ही खांदे धरलेत. चेहरा लाल, केस सुटलेले. म्हणालात, "सुमती, मला पळता येतं!"

मला गंमत वाटली. पन्नाशीच्या बाईला पळता येतं यात एवढं नवल काय? मला काय माहीत होतं!

त्यानंतर आपण दोघी पळायला लागलो. मग समोरच्या कमलांबाळ मामींनी मामंजींना सांगितलं, की सासू-सुना लुगडी खोचून समुद्रावर धावतात, वसाहतीत तोंड दाखवायला जागा राहिली नाही. मामंजी कॉफी टाकून उठले. "उद्यापासून हे बंद!" त्यांचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. तुम्ही शांतपणे त्यांचा पेला भरलात आणि त्यांना घेऊन मागच्या अंगणात गेलात. आत आलात तेव्हा मामंजींचे डोळे खाली होते. मला वाटलं, लोकलाजेला भिणारा माणूस बायकोपुढे हरला. दुसऱ्या दिवसापासून ते आपण परत येईपर्यंत फाटकात उभे राहायला लागले. मला वाटलं, पहारा करतात.

आणि पोंगलचे खेळ आठवतात? वसाहतीच्या मैदानावर पुरुषांच्या शर्यती, मुलांच्या शर्यती, आणि बायकांसाठी चमच्यात लिंबू. तुम्ही सेक्रेटरींच्या टेबलापाशी गेलात. "बायकांची पळण्याची शर्यत कुठाय?"

"लेडीजना लिंबू-चमचा आहे ना, मामी."

"लिंबू आम्ही रोज पिळतो. त्यात कसली शर्यत? पळायचं ठेवा."

ठेवावंच लागलं! मी दुसरी आले. पहिली आली पलीकडच्या गल्लीतली नर्स, मेरी. तुम्ही सगळ्यांच्या मागून, पदर दातांत धरून, हसत हसत आलात, आणि टाळ्या सगळ्यांत जास्त तुम्हालाच. मेरी दुसऱ्याच पहाटे आपल्या फाटकाशी हजर झाली.

आता एक भांडण आहे तुमच्याशी. शेवटी शेवटी तुम्ही पुन्हा होडीवर बसायला लागलात. "तुम्ही दोघी जा, मी जरा सूर्य बघत्ये," म्हणायचात. एकदा मी वळून पाहिलं तर तुमचा हात छातीवर होता. विचारलं, तर म्हणालात, "जानवं असतं तर सरळ केलं असतं!" मी हसले. का हसले? आणि तुम्ही का हसवलंत?

त्या दुपारी कॉफीचं डिकाशन घालता घालता तुम्ही खाली बसलात, आणि संपलं. तेराव्याला तुमच्या मोठ्या वन्सं सगळ्यांसमोर म्हणाल्या, "या सुनेनं पळवून पळवून मारलं तिला." कुणी काही बोललं नाही. मामंजीसुद्धा. मी नऊवारी धुऊन घडी करून ठेवून दिलं. मेरी दोनदा येऊन गेली. मी बाहेर गेले नाही.

आणि आज मामंजी दाराशी आले.

वाळूवर आज पाय जड होते, अगदी पहिल्या दिवसासारखे. कुप्पमातली एक म्हातारी जाळं उलगडत बसली होती. आपल्याला रोज बघणारी, पण कधी न बोललेली. तिने विचारलं, "अम्मा कुठाय?" मी तमिळमध्ये सांगितलं, अम्मा गेली. तिने जाळं बाजूला ठेवलं, उठून माझे दोन्ही हात धरले. तिच्या हातांना माशांचा वास होता, आणि ते इतके गरम होते! मग म्हणाली, "पळताना हसायची. आम्ही सगळ्या बघायचो. उद्या येशील ना?" मी म्हटलं, येईन.

घरी आले तर मामंजी फाटकात. मी पाय धूत असताना ते पायरीवर बसले आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"लहानपणी तिला ताप आला होता. त्यात काळीज अधू झालं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पळायचं नाही, दमायचं नाही. तिच्या आईनं तिला झोपाळ्यावरसुद्धा बसू दिलं नव्हतं. लग्नात माझ्या सासऱ्यांनी हात धरून एवढंच सांगितलं, हिला जप."

मी तशीच उभी राहिले, हातात तांब्या.

"कमलांबाळ काय म्हणते त्याला मी भ्यालो नव्हतो, सुमती. तुझ्या सासूच्या छातीला भ्यालो होतो. पण अंगणात नेऊन मला म्हणाली, 'पन्नास वर्षं जपून ठेवलं. कुणासाठी? आता थोडं वापरू द्या की.' मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आयुष्य पळण्यानं कमी झालं की वाढलं, कुणी सांगू शकत नाही. पण मी सांगतो. माझ्या घरात ती एवढी हसली नव्हती. तेराव्याला मी बोलायला हवं होतं. तोंडच उघडलं नाही माझं."

आत्याबाई, तुम्ही मला का नाही सांगितलंत? सांगितलं असतंत, तर मी तुम्हाला धावू दिलं नसतं, म्हणून? खरं आहे. नसतंच दिलं. आणि मग "मला पळता येतं" म्हणणारा तो चेहरा मी कधी पाहिलाच नसता.

रविवारी तुमच्या वन्सं राहायला येणार आहेत. त्यांना मामंजी सगळं सांगणार आहेत, तसं मला म्हणालेत. त्यांना पटेल न पटेल. पण सोमवारी पहाटेही मी काष्टा घालून, त्यांच्या अंथरुणासमोरून, पुढच्या दाराने बाहेर पडणार आहे. मेरीला निरोप धाडला आहे.

आणि तुम्हाला वचन देते: मी धावेन. दुखलं तर दुखतंय म्हणून मोठ्याने सांगेन, तुमच्यासारखं हसण्यावारी नेणार नाही. मामंजींना एकटं फाटकात उभं ठेवणार नाही, उद्यापासून वाळूपर्यंत बरोबर नेईन. आणि माझं काळीज धडधाकट आहे, आत्याबाई. ते मी नुसतं जपून ठेवणार नाही.

तुमची सून,
सुमती