चाळीस झाडांची इर्जिक

एल केफ,
१ एप्रिल १९९६

ती. बाबांस,
सलूहाचा सा. सलाम. वि. वि.

काल दुपारी सुखरूप पोचले. बस वाटेत दीड तास बिघडून उभी होती, पण आईच्या रोट्या शेजारच्या बाईंनाही पुरल्या, म्हणून वेळ गेला. इथे अजून थंडी आहे. सातवीच्या मुलींनी मी नसताना बेडकाची चित्रं काढून ठेवली आहेत. एकीने त्याला भुवया काढल्या आहेत.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. रागावू नका. सुट्टीत दोन आठवडे मी तुम्हाला पाहत होते. चहाचा पेला तुम्ही डाव्या हाताने उचलता. भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपता. सदरा घालताना आईला बोलवावं लागू नये म्हणून तो अंगातून काढतच नाही. दोन वर्षांपूर्वी झाडावरून पाय सुटून तुम्ही एका हातावर लोंबकळलात, तेव्हापासून हे चाललं आहे. हकीमाने तापल्या सळईचे तीन डाग दिले, मग सुया झाल्या, आणि गेल्या उन्हाळ्यात माझ्या हट्टाने शस्त्रक्रिया. सहा महिन्यांत तुम्ही झाडावर असाल असं मी छातीठोक सांगितलं होतं. घरात एकच पदवीधर, ती सांगते आहे, म्हणून तुम्ही ऐकलंत. आता डॉक्टर म्हणतात हात छातीच्या वर जाणार नाही आणि पुन्हा कापण्यात अर्थ नाही. त्यांच्या खोलीतून बाहेर आल्यावर तुम्ही मलाच पाणी आणून दिलंत, ते मी विसरलेले नाही.

पोयी उकलून फुलोरे बाहेर यायला पंधरा दिवससुद्धा नाहीत. गेल्या वर्षी तुम्ही दुखऱ्या हातानेच चढलात, यंदा आपल्या चाळीस झाडांवर चढून मादीच्या फुलोऱ्यात नरझाडाचे तुरे कोण बांधणार? ते वेळेवर बांधले नाहीत तर यंदा खजूर नाही, आणि बाग आपल्या हाताखाली घ्यायला वाडीतले मुख्तारकाका टपलेलेच आहेत. बाबा, इर्जिक घाला. तीस वर्षं तुम्ही सगळ्यांच्या इर्जिकीला गेलात. एकदा आपल्यासाठी माणसं बोलावण्यात कमीपणा कसला?

सोबत खांद्याच्या हाडांचं चित्र आणि भिंतीवर बोटं चालवण्याचा व्यायाम पाठवते आहे. रोज करा.

आईला सलाम. माझ्यावरची माया आहे तशीच ठेवावी.

आपली आज्ञाधारक (हसू नका),
सलूहा


ऐन लबेद,
६ एप्रिल १९९६

चि. सलूहास अम्मारचे अ. उ. आ.

पत्र पोचलं, हाडांचं चित्रही पोचलं. चित्र तुझ्या आईने पातेल्यातल्या मेंढीच्या फऱ्याशी ताडून पाहिलं आणि निकाल दिला, की मेंढीचा खांदा तुझ्या बापापेक्षा चांगला जोडलेला आहे. भिंतीवर बोटं चालवतो. ती कोळ्यासारखी चढतात आणि छातीपाशी थांबतात. आई तिथे कोळशाने खूण करते. तीन दिवस खूण जागची हलली नाही. पण खालीही आली नाही, हे मी तिच्या नजरेला आणून दिलं.

दुखण्याचं म्हणशील तर ते तुझ्या आत्याच्या नवऱ्यासारखं आहे. तीन दिवसांसाठी म्हणून आला, आता त्याची चटई कुठे घालायची हे ठरून गेलं आहे. सकाळी उठल्या उठल्या कटकट करतो, उन्हं चढली की जरा गप्प बसतो, कोंड्याची गरम पुरचुंडी दिली की पडून राहतो. त्याच्याशी भांडायचं मी सोडलं. भांडलं की तो जास्त खातो.

शस्त्रक्रियेचं पुन्हा लिहू नकोस. तू हट्ट केलास, मी ऐकलं, डॉक्टरने कापलं. तिघांनी आपापलं काम नीट केलं. खांद्याने केलं नाही, त्याला तू काय करणार?

इर्जिकीचं मात्र ऐकून ठेव. या वाडीत कुणाच्याही बागेत पहिल्या झाडावर पहिला पाय अम्मारचा पडतो. तो अम्मार खाली उभा राहून लोकांना म्हणणार की बाबांनो, माझ्या झाडांवर तुम्ही चढा? ते होणार नाही. माझं मी बघतो. तू बेडकाच्या भुवया पुस.

आई विचारते आहे, तिकडे लोकरीचे मोजे मिळतात का. तुझा लोभ आहे हे ठाऊक आहे, तो पायांतल्या मोज्यांकडेही थोडा वळव.

तुझा बाप,
अम्मार


एल केफ,
९ एप्रिल १९९६

ती. लामीनकाकांस,
सलूहाचा सा. सलाम. वि. वि.

तुम्ही बाबांचे लहानपणापासूनचे सोबती, म्हणून धीर करून लिहिते. बाबांचा हात छातीच्या वर जात नाही. हे ते तुम्हाला सांगणार नाहीत, आणि झाडावर चढायचा प्रयत्न मात्र नक्की करतील. पडले तर या वेळी नुसत्या खांद्यावर भागणार नाही. त्यांच्या वतीने मी विनंती करते, की तुम्ही माणसं जमवून आमच्या बागेत फुलोरा बांधून द्यावा. अडचणीत एकमेकांच्या कामी येणं हीच आपल्या वाडीची खरी श्रीमंती आहे, असं मी माझ्या मुलींना नेहमी सांगते.

काकूंना सलाम. लेकीचं मागणं मोडू नये.

आपली,
सलूहा


ऐन लबेद,
१६ एप्रिल १९९६

सलूहास,

आशीर्वाद आहेतच, ते लिहायला आज हात होत नाही.

आज सकाळी मी बागेत पाटाचं पाणी वळवत होतो. कुंपणाशी अकरा माणसं येऊन उभी राहिली. पुढे लामीन. कोणी मोठ्याने सलाम केला नाही, कोणी चेष्टा केली नाही. मी विचारणारच होतो की कुणाचं काय झालं, तेवढ्यात त्यांच्या हातांतली गाठोडी दिसली. सगळे स्वतःची रोटी बांधून आले होते.

तुला इतकं शिकवलं, आणि हे कसं विसरलीस? इर्जिक ज्याची बाग त्याने घालायची, आपल्या तोंडाने, आणि येणाऱ्यांना पोटभर जेवू घालायचं. दुसऱ्याने घालायची ती एकाच घरासाठी, जिथला कर्ता माणूस मातीत गेला आहे. त्या बागेत लोक आपली रोटी घेऊन येतात, कारण विधवेच्या चुलीवर भार टाकायचा नसतो. तू सात वर्षांची असताना सालेह वारला, तेव्हा त्याच्या बागेत माझ्या खांद्यावर बसून तूच ती रोटी खाल्ली होतीस.

तर आज मी हातात फावडं घेऊन जिवंत उभा होतो, आणि अकरा माणसं माझ्या मागे राहिलेलं काम उरकायला आली होती. तुझी आई दारात आली आणि तशीच आत गेली.

लामीनला वाटलं, तोंडाने बोलवेना म्हणून मीच तुझ्याकडून लिहवून घेतलं. तो खाली बघूनच बोलत होता. मी त्याला सांगितलं की अम्मार अजून श्वास घेतो आहे, हवं तर नाकाशी हात धरून बघ. सगळ्यांना परत पाठवलं.

मग वाकडी म्हणतो त्या झाडावर चढायला गेलो. पुरुषभर उंची झाली आणि हात गेला. वरून खाली नुसता सुटला, जणू दुसऱ्याचा होता. पडलो नाही. झाडाला मिठी मारून उतरलो. तुला कळावं म्हणून लिहिलं, दया करावीस म्हणून नाही.

पोयी उकलू लागल्या आहेत.

अम्मार


एल केफ,
२१ एप्रिल १९९६

ती. बाबांस,
सलूहाचा सा. सलाम. वि. वि.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा उघडवलं नाही.

मला सालेहकाकांची बाग आठवते. रोटी आठवते. पण ती रोटी कसली होती हे मी कधी विचारलंच नाही, आणि इथे फळ्यासमोर उभी राहून मुलींना आपल्या वाडीच्या रीती शिकवते. याची लाज वाटते. तुम्ही असताना मी तुम्हाला नसल्यासारखं केलं. माझ्या हातून याहून वाईट काही झालेलं मला आठवत नाही, शस्त्रक्रियासुद्धा नाही.

पण खोटं लिहिणार नाही. चूक रीतीत झाली, काळजीत नाही. तुम्ही वाकडीवर चढलात हे वाचून मी वर्गात मुलींना पुस्तक उघडायला सांगितलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. चाळीस झाडांपेक्षा मला तुम्ही हवे आहात. बाग मुख्तारकाकांकडे गेली तरी चालेल. इकडे या. माझी खोली लहान आहे, पण दोघांच्या बिछान्याचं होईल.

त्या अकराही जणांना मी वेगवेगळं पत्र लिहून माफी मागते. तुम्ही हो म्हणालात की लगेच टाकते.

आईने विचारलेले मोजे घेतले आहेत. माझ्यावर रागवा, पण पत्र लिहिणं सोडू नका, एवढाच लोभ मागते.

आपली,
सलूहा


ऐन लबेद,
२७ एप्रिल १९९६

चि. सलूहास अम्मारचे अ. उ. आ. या वेळी पूर्ण आणि वर थोडे मागच्या वेळचे.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. माफीची अकरा पत्रं लिहू नकोस. त्यातल्या सातांना वाचता येत नाही, ती मलाच वाचून दाखवावी लागतील.

बिछान्याचंही राहू दे. काय झालं ते ऐक.

तुला लिहिलं त्यानंतर दोन दिवस मी बागेत नुसता फिरलो. पोयी उकलत होत्या, आतले फुलोरे पांढरे शुभ्र, आणि मी खालून बघत होतो. उकललेला फुलोरा सहा दिवस वाट बघतो, फार तर सात. तिसऱ्या दिवशी चूल सारवता सारवता तुझ्या आईने विचारलं, की झाडांना तहान लागते तेव्हा ती गप्प बसतात की पानं खाली टाकून दाखवतात. मी म्हणालो दाखवतात. ती म्हणाली बरं, आणि सारवत राहिली.

शुक्रवारी नमाज संपला. लोक पायऱ्यांवर जोडे शोधत होते. मी मध्ये उभा राहिलो. सलूहा, दोन वर्षांत सळईचा डाग सोसला, चाकू सोसला, पण तोंड उघडायला इतकं जड कधी गेलं नव्हतं. मी म्हणालो, की मी हामेदचा मुलगा अम्मार, माझा उजवा खांदा गेला आहे, औषध केलं, कापून पाहिलं, तो आता यायचा नाही. झाडांवर मला चढता येत नाही. सोमवारी माझ्या बागेत इर्जिक आहे, या.

एकाचा जोडा हातातच राहिला. मग लामीनने विचारलं, की कुसकुसमध्ये मांस असणार आहे की मागच्या वर्षी मुख्तारने घातले तसे नुसते चणे. मी म्हणालो, मांस आहे, पण खाली बसून शेरे मारणाऱ्यांना चणेच मिळतील. त्यावर सगळे हसत सुटले, मुख्तार सोडून. त्याने मग दोनदा विचारलं की सोमवारी किती वाजता, म्हणून त्यालाही धरलं.

एकोणीस जण आले. कुणाच्याही हातात गाठोडं नव्हतं. आईने दोन मोठी पातेली चढवली.

मी काही खाली बसलो नाही. या झाडापासून त्या झाडाकडे चाललो आणि सांगत राहिलो. म्हातारीला पाच तुरे पुरतात, जास्त दिले तर दाणे खुरटतात. हाजिन झाडाला आठ लागतात. ठेंगणीच्या दक्षिणेकडच्या पोयीला आज हात लावू नका, ती उद्या उकलेल. वाकडीवर लामीन होता. त्याने सातांऐवजी सहा तुरे खोचले आणि बांधायला लागला. मी खालून सांगितलं की एक राहिला. तो म्हणाला, तुझा खांदा गेला, डोळे कधी जाणार? दुपारी जेवताना जो तो हेच विचारत होता, की खालून कसं कळतं. मलाच ठाऊक नव्हतं. तीस वर्षं मी वर असायचो, ही झाडं मी खालून कधी पाहिलीच नव्हती. खालून ती सगळी एकदम दिसतात.

मंगळवारी उरलेली तेरा झाली. चाळीसही बांधून झाली.

आता खरी गोष्ट पुढेच आहे. गुरुवारी हाजी बूबकर घरी आले. सत्तरी ओलांडलेला माणूस, कधी कुणापुढे वाकला नाही. चहा घेतला, साखरेला नाव ठेवलं, आणि मग म्हणाले की त्यांना वर्षभर नीट दिसत नाही, पोय पिकली की कच्ची हे कळत नाही, मुलांना अक्कल नाही. अम्मार, तू माझ्या बागेत ये आणि सांग. आपल्या तोंडाने म्हणाले. काल नमाजनंतर त्यांच्या तिघा मुलांसमोर जमलेल्यांनाही म्हणाले. ईदनंतर बुधवारी तिकडे इर्जिक आहे. पहिलं बोलावणं मला आलं.

खांदा दुखतो आहे. हे लिहिताना कोपराखाली उशी आहे आणि आईने पुरचुंडी बांधली आहे, तरी दुखतो आहे. भिंतीवरची खूण तिथेच आहे. तू हे मनाला लावून घेऊ नकोस. या खांद्याने तुला शाळेत पाठवलं, त्याला आता जे म्हणायचं ते म्हणू दे.

एक काम आहे. कुठल्या झाडाला किती तुरे, कुठलं कधी उकलतं, कुठल्या नराचा तुरा कुणाला मानवतो, हे सगळं माझ्या डोक्यात आहे आणि डोक्याच्या बाहेर कुठेच नाही. या वाडीतल्या कुणाच्याच डोक्याबाहेर नाही. जुलैत शाळा सुटली की घड बांधायचं काम निघेल. तेव्हा तू ये. चुलीपाशी बसायला नाही, माझ्याबरोबर झाडांखाली फिरायला आणि सगळं लिहून घ्यायला. इर्जिकीला बायकांना बोलावत नाहीत असं मुख्तार म्हणेल. म्हणू दे.

मी हामेदचा मुलगा अम्मार, मला हे एकट्याने जमत नाही. ये.

तुझा बाप,
अम्मार