शेरे पुसताना

४ फेब्रुवारी, मंगळवार
डोकं फिरलंय! फाइलचं नाव आणि तिच्या स्ट्रीमचं नाव, दोन्ही एकाच ओळीत, मध्ये कोलन. स्ट्रीम म्हणजे फाइलच्या पाठीला चिकटवलेली छोटी फाइल. लोक त्यात शेरे ठेवतात. आमची कंपनी विकते त्या फाइल-सर्व्हरच्या कोडमध्ये ज्याने त्याने ही ओळ मनाला येईल तिथे तोडली आहे. कुणाचा कुणाला पत्ता नाही. मी दोन्ही नावं वेगळी करून जोडीने पुढे पाठवणार.

साहेब (आम्ही त्यांना ‘लगेच’ म्हणतो) म्हणाले, “चालतंय ना? मग कशाला उकरतेस?”

चालतंय! माझं कपाळ.

५ फेब्रुवारी
वाचणं, लिहिणं नव्या पद्धतीने करून झालं. पुसणं राहिलंय, आणि गोम तिथेच आहे. चाचणीत ‘शेरा पूस’ म्हटलं, तर स्ट्रीमचं नाव वाटेत गळलं आणि मूळ फाइलच उडाली! वर सर्व्हर ‘काम झाले’ म्हणून सांगतो. निर्लज्ज! ठळक लिहून ठेवलं — अर्धवट आहे, हात लावू नये.

घरी ताई नकाशांत बुडालेली. शाळेची इमारत, तिच्या एकटीच्या नावावरचं पहिलं काम. सोमवारी द्यायचंय. तिच्या ऑफिसने आमचा सर्व्हर घेतला तो माझ्या शब्दावर. नकाशांची दुसरी प्रतही त्यावरच! इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं. “बाहेर एक प्रत ठेव गं,” म्हटलं.

“तुझाच सर्व्हर ना? मग मला कसली भीती?”



६ फेब्रुवारी
दाढ ठणकतेय. दुपारनंतर डॉक्टरकडे. पुसण्याचं उद्या बघते.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
काल मी दाढ दाखवायला गेले, आणि लगेचने माझं अर्धवट काम नव्या आवृत्तीत घालून सगळ्या ग्राहकांकडे पाठवूनसुद्धा दिलं! न विचारता! “वाचतंय, लिहितंय. पुसतंय कोण?”

तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्यांसमोर ओरडले — आत्ताच्या आत्ता कळवा लोकांना! तर म्हणे, “जेवून बोलू.” आणि मेला खरंच जेवायला गेला! मीच एकेकाला फोन लावत बसलेय. ताई उचलत नाही.

त्याच दिवशी, दुपारी
ताईचाच फोन आला. खुशीत होती. “अगं, सगळ्या नकाशांवरचे शेरे एका दमात पुसले! झकास आहे हं तुमची नवी आवृत्ती. फक्त फोल्डर रिकामा दिसतोय — रिफ्रेश कसं करायचं?”