पालकांच्या विनंतीवरून

३ जून २०२५
वाल्मीकरावांचा फोन. संस्थेचे सचिव! एप्रिलमध्ये आमच्या मराठी शाळेला कुलूप ठोकलं, आता त्याच इमारतीत सोळा तारखेपासून यांची इंग्रजी शाळा भरणार. आणि उद्घाटनाच्या स्मरणिकेत जुन्या शाळेचा इतिहास कोणी लिहायचा? मी! "मॅडम, चौदा वर्षं मुख्याध्यापिका होतात, तुमच्याशिवाय कोण? चार पानं. जरा गोड लिहा."
मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा माणूस. हो म्हटलं. लिहिते ना — शाळा कोणी मारली ते नावानिशी लिहिते.

५ जून
शाळेत गेले. शकुबाईंनी दार उघडलं. अठ्ठावीस वर्षं आमच्या शिपाई, आता नव्या शाळेत झाडायला, तेही कंत्राटावर. माझ्या केबिनला गुलाबी रंग! जनरल रजिस्टरं जिन्याखाली फेकलेली. पिशवीत भरून घरी आणली. कोणाला विचारणार होते?

६ जून
दिवसभर पट काढत बसले. माझ्या चौदा वर्षांत चारशे बारावरून एकसष्ट. वाल्मीकरावांनी फुकट बस लावून आमची मुलं पळवली, हे अख्ख्या सातपूरला माहीत आहे. पण त्यांचे इंग्रजी वर्ग सुरू झाले २०१७ला. आमचा पट २०१२ पासूनच घसरलेला. पाच वर्षं आधी! चिडचिड झाली. धड जेवलेही नाही.

७ जून
एप्रिल २०१२. नववीतून एकोणीस मुलांना दाखले. सगळी विहारामागच्या वस्तीतली. शाळा सोडल्याचं कारण — एकोणीस वेळा, "पालकांच्या विनंतीवरून". अक्षर माझं.
मग? कच्च्या मुलांना नववीनंतर दाखला द्यायचा, सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसवायचं, म्हणजे शाळेचा निकाल घसरत नाही. कोणती शाळा करत नाही? पुढच्या वर्षी शंभर टक्के लागला. चौकात माझ्या फोटोचा फ्लेक्स होता. तेव्हा कोणाच्या पोटात दुखलं नाही!

८ जून
दोन पानं झाली. वाल्मीकरावांचं नाव अकरा वेळा आलं. अजून येईल.

९ जून
वस्तीत गेले. फुकट बसच्या आमिषानं मुलं नेली, असं कोणाकडून तरी लिहून घ्यायचं होतं. सुमनबाईंनी — त्या एकोणिसांतल्या चैतालीच्या आईनं — दारातच उभं केलं. पाणीसुद्धा विचारलं नाही.
"बस मागनं आली, मॅडम. आदी तुमी पोरांना हाकललं." आत जाऊन चैतालीचा दाखला घेऊन आली. प्लास्टिकमध्ये जपलेला! "हितं लिवलंय, पालकांच्या विनंतीवरून. मी कवा केली विनंती? बाहेरून बसवा म्हणालात. बाहेर शिकवणार कोण व्हतं?"
चैताली गणितात दोनदा नापास झाली. आता निफाडला द्राक्षं पॅक करते.
"विहारात बैठक झाली तवा. ठरलं, त्या शाळंत आपलं एकबी पोरगं घालायचं नाय."
मी म्हटलं, शाळेच्या नावासाठी करावं लागतं. बाई हसली. अशी हसली की एक ठेवून द्यावीशी वाटली. चोर सोडून संन्याशाला फाशी!

१० जून
एकोणिसांपैकी सात चेहरे आठवतात. बारा आठवतच नाहीत. रजिस्टरमधली नावं पुन्हा पुन्हा वाचली तरी नाहीत.
लाज वाटते. आणि लाज वाटते म्हणून आणखी राग येतो — सुमनबाईंचा, शकुबाईंचा, सगळ्यांचा. शकुबाई त्याच वस्तीतल्या, त्या बैठकीचं त्यांनाही माहीत असणार. तेरा वर्षं मला चहा देत राहिल्या, एका शब्दानं बोलल्या नाहीत!
वाल्मीकराव नीच आहेतच. पण २०१२ साली ते संस्थेतसुद्धा नव्हते.

१२ जून
ती दोन पानं फाडली. इतिहास म्हणून दोन ओळी पाठवल्या: "ही शाळा एप्रिल २०१२मध्ये बंद पडली. तेव्हा मुख्याध्यापिका मी होते."
लगेच फोन. "मॅडम, साल चुकलंय."
म्हटलं, नाही चुकलं. छापायचं तर हेच छापा.