बांगड्याचा डोळा

रविवार, ५ जानेवारी

चिमटा! कपडे वाळत घालायचा असतो ना, तसाच. फक्त डोक्यावर इवलीशी काचेची वाटी, भिंगाची. योगिनी दापोलीला परत जाताना माझ्या मोबाईलला लावून गेली. शेतकीचं शिकते ती नात माझी, पानावरची कीड बघायला तिने मागवला होता. म्हटलं, महागाचं असेल गो, ठेव तुझ्याकडे. तर म्हणते, "आज्जी, एका पापलेटाच्या भावात येतो. थांब, तुला मुंगी दाखवते."

दाखवली! ओट्यावर साखरेचा दाणा टाकला आणि मुंगी आली. तिच्या पायांना केस! जन्मभर मुंग्या झाडल्या, हळद टाकून हाकलल्या, पण त्यांना केस असतात हे आज कळलं. कुणाला सांगू असं झालंय. राजश्रीला सांगितलं, ती म्हणाली, "बरं आई, भात वाढू का?" सून चांगली आहे, पण तिला मुंगीचं काही नाही.

कसब आहे पण. मोबाईल वस्तूला टेकेल इतका जवळ न्यायचा, मग हळूच मागे. श्वास धरायचा. तिळाएवढंच स्वच्छ दिसतं, बाकी सगळं धुकं. हात हलला की गेलं!

उजव्या डोळ्याने मला कधीपासून काही दिसत नाही, डाव्याने चुलीच्या धुरातून बघितल्यासारखं. म्हणून तर इथेही एवढाली अक्षरं काढते, दोन दोन ओळी सोडून. पण मोबाईलवर मुंगी शेळीएवढी होते!

मंगळवार, ७ जानेवारी

हर्षद जयगडहून ड्यूटी करून आला तो चपला काढायच्या आधीच म्हणाला, "आई, तारीख घेतली. वीस तारखेला उजवा डोळा." डॉक्टर म्हणे मोतीबिंदू पिकलाय. पिकायला तो काय हापूस आहे?

मी म्हटलं, आता ऑपरेशन कशाला? आज सकाळी चिमटा लावून तांदूळ निवडले. एक टोका किडा सापडला, हत्तीसारखी तोंडाला सोंड! सुईतसुद्धा दोरा ओवला. वेळ लागला जरा, पण ओवला.

तर म्हणतो, "रस्ता ओलांडताना काय मोबाईल डोळ्यासमोर धरून चालणार?"

शेजारच्या येसूबाईने केलं होतं ऑपरेशन, महिनाभर डोळ्यातून पाणी. राजश्री म्हणते, ती तिसऱ्याच दिवशी चुलीपुढे बसली म्हणून. असेल. पण डोळ्यात सुरी घालायची म्हणजे काय!

बुधवार, ८ जानेवारी

आज भांडण झालं. मालनशी.

मालन म्हणजे आमची मासेवाली. मी या घरात नवी नवरी होते तेव्हा ती पहिल्यांदा पाटी घेऊन दारात आली, तेव्हापासून दुसरीकडून मासा घेतला नाही. पायरीवर बसते, पाणी पिते, अख्ख्या आळीच्या बातम्या सांगते. पण हल्ली ती शिळा माल आणायला लागली आहे. आज बांगडे आणलेन. मी एक उचलला, डोळा बघितला. पांढरट! माझ्या आईने शिकवलंय, मासा घेताना आधी डोळा बघायचा. काळाभोर, टपोरा असेल तर ताजा. पांढुरका झाला की सरळ परत.

म्हटलं, "मालन, हा बर्फातला."

"पहाटे होडीवरनं उतरलेला हाय गो! कल्ले बघ, लालभडक."

"डोळे बघ त्याचे."

"गोदे, तुला हल्ली अख्खा समुद्रच शिळा वाटतो. परवा सौंदाळे शिळे, त्याआधी कोलंबी शिळी. दुसऱ्या कोणाकडनं घे बाय. मी नाय यायची तुझ्या दारात."

पाटी उचललीन आणि गेली! पाणीसुद्धा प्यायली नाही. राजश्रीने बुधवार असून कुळथाची पिठी केली. हर्षद गुपचूप जेवला. तेच जास्त लागलं.

शुक्रवार, १० जानेवारी

मालन नाही. अंगणात किती खेपा घातल्या कोण जाणे. राजश्री म्हणाली, "आई, बसा जरा, तुमच्या खेपा बघून मला भोवळ येतेय." मग मागे जाऊन जास्वंदीच्या फुलातल्या दांड्याचा फोटो काढला. त्यावरचे पिवळे कण म्हणजे बुंदीचे लाडू! आंब्याच्या मोहोरावरचा तुडतुडा पण सापडला. योगिनीला दोन्ही पाठवले. लगेच उत्तर, "आज्जी भारी!" आणखी पाठव म्हणाली.

पाठवते. पण लक्ष सगळं गल्लीकडे.

रविवार, १२ जानेवारी

मालन आली, पण पुढच्या वळणावर. हाळी ऐकू आली, "बांगडे घ्याऽ", आमच्या फाटकाशी गप्प, पुढे गेल्यावर पुन्हा सुरू! राजश्री पिशवी घेऊन धावली आणि बांगडे घेऊन आली. मी एक हातात घेतला. पांढरट डोळा! म्हटलं, बघ, मी सांगत नव्हते? थांब, आता पुरावाच करते. चिमटा लावला, बांगडा खिडकीत उजेडाला ठेवला, श्वास धरला.

फोटोत डोळा काळा कुळकुळीत. भोवती सोन्याची कड. मधल्या काळ्यात आमच्या खिडकीचे गज दिसत होते, मोजून घ्यावेत इतके स्वच्छ!

पुन्हा नुसता बघितला. पांढरट. पुन्हा चिमट्यातून. काळा.

योगिनीला पाठवला. तिचा फोनच आला. "आज्जी, कसला ताजा आहे गं!" मी म्हटलं, ही काच लबाड आहे, सगळंच चकचकीत करून दाखवते. ती म्हणाली, "काच काही पॉलिश करत नाही गं आज्जी. आहे तेच मोठं करते."

बांगड्याचं तिखलं झालं होतं. मऊ, गोडसर, तिरफळाचा वास. हर्षदने दोनदा भात मागून घेतलान. ताजा होता.

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत

हलव्याचा काटा बघितला चिमट्यातून. एका तिळावर केवढी कलाकुसर! राजश्रीने शेगडीपुढे बसून बोटं भाजून घेत एकेक काटा फुलवलाय. तिला फोटो दाखवला. यावेळी "भात वाढू का" नाही म्हणाली. खूप वेळ बघत बसली.

मालन दर संक्रांतीला तिळगूळ घेऊन येते. ओल्या हाताचा असतो, कागदाला चिकटतो, मी हसते तिला. संध्याकाळपर्यंत दार उघडं ठेवलं. डासच आले.

शुक्रवार, १७ जानेवारी

मुंगीला लावला, टोक्याला लावला, बांगड्याला लावला. आता एकच राहिलंय. नको!

शनिवार, १८ जानेवारी

राहवलं नाही.

राजश्री बाजारात गेल्यावर अंगणात पाट टाकून उन्हात बसले. चिमटा पुढच्या बाजूच्या कॅमेऱ्यावर बसवला, योगिनीने शिकवलंय. आधी भुवई आली, केरसुणीसारखी. मग नाकाची कड. मग नुसत्याच पापण्या. कोपर गुडघ्यावर टेकवलं आणि देवाला म्हटलं, एकदाच हात धर. उजव्या डोळ्याचा काढला आणि डाव्याने बघितला.

पांढरा. मधली बाहुलीच पांढरी. दूध सांडून वाळावं तशी.

असा डोळा असलेला बांगडा मी फुकटसुद्धा घेतला नसता. परत केला असता, वर चार शब्द ऐकवले असते!

ऊन पाटावरून सरकून गेलं. मालनचा बांगडा ताजा होता. सौंदाळेही ताजे होते. कोलंबीसुद्धा असणार. तिच्या तोंडावर तिचा माल फेकला मी, आणि शिळी होते मी!

हर्षद आल्यावर विचारलं, "सोमवारी किती वाजता निघायचं?" तो चप्पल हातात धरूनच उभा राहिला.

सोमवार, २० जानेवारी

चहासुद्धा मिळाला नाही. चिमटा बटव्यात घेतलाय, कशाला ते मलाही माहीत नाही.

मंगळवार, २८ जानेवारी

आज लिहायची परवानगी मिळाली. ओळ सोडायची गरजच नाही! काळा चष्मा आहे, तरी सगळं दिसतं. राजश्रीच्या कानापाशी केस पांढरे झालेत. कधी झाले? फडताळाखालची जळमटंही दिसली, पण बोलले नाही. योगिनीला पाठवलेले सगळे फोटो काढून बघितले. निम्मे धुरकट! बुंदीचे लाडू तर ओळखूसुद्धा येत नाहीत. आणि ही पोर म्हणते भारी!

उद्या बुधवार. मालन वळणावर येईल.

बुधवार, २९ जानेवारी

फाटकाशी उभी राहून हाक मारली. थांबली. "सगळा ताजा गो मालन," म्हटलं. "न बघताच?" म्हणाली, पण पाटी उतरवलीन. पायरीवर बसली. बांगडा उचलून अगदी नाकाशी नेलान, बोटाने त्याचा कल्ला चाचपलान. पूर्वी असं करायची नाही. मी तिच्या तोंडाकडे बघितलं, कितीतरी दिवसांनी नीट. तिचा डावा डोळा पांढरा.

"मालन, जरा अशी उन्हाकडे तोंड करून बस," म्हटलं, आणि बटव्यातून चिमटा काढला.