ओला साचा

४ फेब्रुवारी, मंगळवार

ओट्यावर गांडुळं. सतरा. जांभळी, शेपटीला चमकी, ओळीनं निजवलेली — आमच्या निवृत्त महाशयांची निर्मिती! गळाला लावायची बाजारातली प्लास्टिकची आमिषं म्हणे तळ्यातले मासे आता ओळखतात, म्हणून घरी ओतायची. मासे एवढे हुशार झाले. आमच्याकडचे काही व्हायचेत अजून.

सतरातल्या सोळांच्या अंगावर देवीच्या वणांसारखी भोकं. बुडबुडे. सतराव्याला शेपूटच नाही.

६ फेब्रुवारी

कृती मला पाठ झाली. दुधासारखं पातळ प्लास्टिक काचेच्या भांड्यात घ्यायचं, जुन्या मायक्रोवेव्हमध्ये तापवायचं. आधी ते दह्यासारखं थिजतं, मग पुन्हा पातळ होऊन नितळ होतं. मग रंग, चमकी, आणि प्लास्टरच्या साच्यात ओतणं. वास असा की शेजारीण विचारून गेली, चप्पल जळतेय का? म्हटलं, नाही, ह्यांचं डोकं चालतंय.

९ फेब्रुवारी, रविवार

नणंद आणि तिचे यजमान जेवायला आले होते. जेवणाआधी गांडुळांचं प्रदर्शन झालं. नणंदेनं एक उचलून मऊ आहे हो, असं म्हटलं — तिला दुसरं काय सुचणार? त्यावर ह्यांना चेव आला. हातानं घडवण्यातला आनंद, डोळा, बोटांतली जाण वगैरे. नणंद म्हणाली, वहिनीपण हातानंच घडवते की.

"तिचं काय घेऊन बसलीस," हे म्हणाले. "म्हाताऱ्यांच्या कवळ्या. रोज तेच दात, तोच गुलाबी रंग. त्याला हमाली म्हणतात."

सगळे हसले. मीही हसले आणि आमटी वाढली.

सव्वीस वर्षं कवळ्या करतेय. मी केलेल्या दातांनी माणसं जेवतात. ह्यांच्या गांडुळांना अजून एकही मासा लागलेला नाही.

१० फेब्रुवारी

बुडबुडे का येतात हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. साच्यात काहीही ओतलं की तो टेबलावर हळूहळू आपटत राहायचा, हवा वर येते. आमच्या कामात हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. पण मी हमाल. हमालानं कलावंताला काय सांगावं?

१३ फेब्रुवारी

आजची गांडुळं बावीस. भोकं मोजता येईनात. फार बरं वाटलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार, दुपार

उद्या तळ्यावर गळ टाकणाऱ्या ह्यांच्या मंडळींची स्पर्धा. हे गांडुळांवरून बेडकावर गेलेत! पंज्याएवढा बेडूक, खोल साचा, सकाळीच केलेला. खिडकीत उन्हाला ठेवलाय आणि दर अर्ध्या तासानं जाऊन बघतायत.

प्लास्टर वरून सुकलेलं दिसलं तरी पोटात पाणी धरून असतं. मंद आचेवर तासन् तास ठेवल्याशिवाय जात नाही. आमच्याकडे नवीन लागणाऱ्या प्रत्येकाला मी हे बजावते — ओल्या साच्यात कढत काही ओतायचं नाही.

मघाशी साचा घेऊन माझ्याकडे आले. "वाळलाय ना गं? हात लावून बघ."

हात लावला. गारढोण. वाळलेलं प्लास्टर इतकं गार लागत नाही.

"तुम्हाला कळतं त्यातलं," मी म्हटलं. "मला काय?"

निघू दे बेडूक चाळणीसारखा. उद्या मंडळींसमोर होऊ दे शोभा.

१६ फेब्रुवारी

काल पाचच्या सुमाराला साच्यात ओतलं आणि ते उडालं. मी बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होते. आधी फट् असा आवाज, मग भांडं फुटल्याचा, मग ह्यांचा. असा आवाज ह्यांचा मी लग्नानंतर ऐकला नव्हता.

उजव्या तळहातावर आणि मनगटावर हिरवं प्लास्टिक चिकटलेलं. ते ओढून काढायला बघत होते. मी हात धरला, नळाखाली नेला, ओढू दिलं नाही. मग दवाखान्यात नेलं. चष्म्याच्या डाव्या काचेवर मोठा थेंब थिजलेला होता. डॉक्टर काच बघून म्हणाले, नशीब समजा.

घरी येऊन स्वयंपाकघर झाडलं. साचा दोन तुकडे झालेला. आतून ओला, खडूसारखा मऊ.

१७ फेब्रुवारी

भरवावं लागतं. डाव्या हातानं चमचा धरायला बघतात, सांडतं. कुणी फोन केला की सांगतात, माझीच घाई नडली.

काय लिहू?

१९ फेब्रुवारी, बुधवार

पट्टी बदलताना म्हणाले, तळ्यावरच्या एकाकडून कळलं — साच्यात पाणी राहिलं होतं, त्याची वाफ झाली. मग म्हणाले, "तुला माहीत असतं तर तू मला ओतूच दिलं नसतंस."

मी हो म्हटलं.